ताईने अर्धा पाहिलेला सिनेमा

आमच्या नात्यात माणसं जमली आणि जेवणं जरा जड झाली की एक विषय हमखास निघतो. कुणी आयुष्यात सगळ्यात भयानक सिनेमा कोणता पाहिला? मालाडच्या मावसभावाचा ठरलेला आहे, त्यात रिकामा पाळणा आपोआप हलतो. त्याची बायको आरशातल्या बाईचा सांगते. तो पाहिल्यावर कितीतरी दिवस ती अंघोळीला जाताना कडी लावत नव्हती म्हणे. सगळे हसतात. मग कुणीतरी माझ्या भावाकडे वळतं, "दादा, तुझा सांग ना. तो ताईचा!"

दादा आढेवेढे घेतो. ते नाटकच असतं. मग उठतो, खांद्यावरचा पंचा डोक्यावर घेऊन केसांसारखा तोंडावर सोडतो, बोटं वाकडी करतो, डोळे पांढरे करतो आणि घशातून असा काही आवाज काढतो की लहान पोरं आयांना चिकटतात. दादा सांगतो मात्र झकास, हीच माझी तक्रार आहे. रडतखडत सांगणारा असता तर ती गोष्ट केव्हाच मेली असती. आणि जिची ही गोष्ट, ती आमची मोठी बहीण, स्वयंपाकघराच्या दाराशी बडीशेपेची वाटी घेऊन उभी असते आणि सगळ्यांबरोबर हसते. ती हसते ना, तेच मला सगळ्यात जास्त झोंबतं.

तो सिनेमा लागला त्या दिवशी मी तिच्या शेजारी बसले होते. तेव्हा दादाच्या गोष्टीत जे नसतं ते मी सांगते.

आम्ही घाटकोपरला पंतनगरात हाऊसिंग बोर्डाच्या इमारतीत राहायचो. इमारतीची सत्यनारायणाची पूजा म्हणजे आमचा वर्षाचा सण. रात्रभर भजन आणि दुसऱ्या दिवशी भाड्याने आणलेला रंगीत टीव्ही आणि व्हीसीआर. सकाळी घरगुती सिनेमा म्हाताऱ्यांसाठी, दुपारी भुताचा सिनेमा बाकी सगळ्यांसाठी. ताई सतरा वर्षांची होती. आदल्या रात्री भजनी मंडळाला चहा करून देण्यात, पुऱ्या लाटण्यात तिचा डोळ्याला डोळा लागला नव्हता. दुपारी जेवून ती झोपायलाच निघाली होती, पण मी हट्ट धरला आणि तिला ओढून दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंकडे नेलं.

खोलीत अंधार व्हावा म्हणून खिडक्यांना चादरी ठोकल्या होत्या. आम्ही पोरंपोरी अगदी टीव्हीच्या पुढ्यात, फरशीवर. कॅसेट वापरून वापरून झिजलेली. चित्र मध्येच पांढरं व्हायचं, मध्येच काळं, पट्ट्या धावायच्या, आणि कुणीतरी उठून टीव्हीच्या डोक्यात चापट मारायचं. सिनेमात काय होतं ते मला आज धड आठवतही नाही. एक पडकी हवेली होती, तळघर होतं, केस सोडलेली बाई होती. ती बाई तळघराच्या पायऱ्या चढायला लागली आणि चित्र पुन्हा पांढरं-काळं, पांढरं-काळं करायला लागलं. तेवढ्यात ताईचा हात उडाला आणि माझ्या गालावर बसला. मला वाटलं, घाबरवतेय मला. मी हसले. मग ती आडवी झाली.

पुढचं सगळं दादा करून दाखवतो तसंच. फक्त ते बघताना हसू येत नाही. तिचे दात आवळले होते, ओठातून रक्त येत होतं आणि तिचं डोकं फरशीवर आपटत होतं. कुणीतरी दिवा लावला. सिनेमा मात्र कुणी बंद केला नाही. टीव्हीतली बाई किंचाळत होती आणि इकडे काकू किंचाळत होत्या, "अगो बाय, हिला धरलान!"

मग आई आली. आईने काय केलं ते नीट ऐका, कारण दादा हे कधीच सांगत नाही. तिने ताईला कुशीवर वळवलं, डोक्याखाली स्वतःचा पदर दुमडून घातला, दारातली चप्पल मागवून नाकाशी धरली आणि काकूंना म्हणाली, कांदा फोडून आणा. भूत उतरवायला मिरच्यांची धुरी देतात. चप्पल हुंगवतात ती फेफरं आलेल्या माणसाला. ते बरोबर की चूक हा प्रश्न वेगळा, पण आईच्या हातांना समोर काय आहे ते पक्कं ठाऊक होतं. तिच्या माहेरच्या गावात एक चुलता होता, तो असाच विहिरीवर पडायचा, हे मी पुढे कितीतरी वर्षांनी ऐकलं.

ताई शुद्धीवर आली. दाराशी अख्खी इमारत गोळा झाली होती. कुणीतरी विचारलं, "काय झालं हो पोरीला? फिटबिट येते काय?" आईने एकदा त्या गर्दीकडे पाहिलं. त्यात दोन घरं अशी होती, ज्यांच्या नात्यात लग्नाची मुलं होती. आई म्हणाली, "छे हो! फिट कसली? सिनेमात बघितलं ना तसलं, काहीतरी अंगावर आलं पोरीच्या."

तेवढं एक वाक्य. मी आईला कितीदा तरी त्या वाक्यासाठी शिव्या घातल्यात, मनातल्या मनात आणि एकदा तोंडावरसुद्धा. पण तिचं गणित कुठे चुकीचं होतं? बाधा उतरते, फेफरं राहतं. भुताने धरलेल्या मुलीचं लग्न होतं, फेफऱ्याच्या मुलीचं होत नाही. आमच्या लोकांत भूत चालतं. भुताला मान आहे, त्याला नारळ आहे, कोंबडा आहे, गाऱ्हाणं आहे. फिटेला काय आहे? फक्त बदनामी. म्हणून आईने पोरीसाठी त्यातल्या त्यात बरा आजार निवडला.

आमच्या गल्लीतल्या डॉक्टरांनी बाबांना स्पष्ट सांगितलं होतं, मोठ्या इस्पितळात न्या, डोकं तपासून घ्या. बाबा तयारही झाले होते. आई उसळली, "डोकं? माझी पोर वेडी आहे काय?" बाबा गप्प बसले. आमच्याकडे बाबा गप्प बसले की ठराव पास झाला असं समजायचं.

मे महिन्यात गावी गेलो. देवळात कौल लावला. देवाच्या अंगावर पाण्याने कळ्या चिकटवायच्या, प्रश्न विचारायचा आणि कुठली कळी आधी पडते ते बघायचं. उजवी म्हणजे हो, डावी म्हणजे नाही. ताईला लग्नात नेसता येईल अशी हिरवी साडी नेसवून पुढ्यात बसवली होती. गुरवाने गाऱ्हाणं घातलं आणि विचारलं, "ह्या चेडवाक भायला काय लागला काय रे म्हाराजा?" म्हणजे, ह्या पोरीला बाहेरचं काही लागलंय का. सगळे कळ्यांकडे बघत राहिले. उजवी कळी पडली. आईच्या तोंडावर जे हसू आलं, ते मी विसरलेले नाही. दहावीला पहिला नंबर आल्यासारखी ती हसली. गुरव म्हणाला, "वाटेवरचा आसा. नारळ नि कोंबो देवा, जातला." म्हणजे वाटेवरचं काहीतरी आहे, नारळ-कोंबडा दिला की जाईल. दिला. शिवाय दर वर्षी गावच्या सीमेवर एक नारळ द्यायचा असंही ठरलं.

त्या दिवसापासून सगळा दोष सिनेमावर गेला. ताईला थिएटर बंद झालं. टीव्हीवर भुताची मालिका लागायची तेव्हा सगळी इमारत दारं लावून बघायची आणि ताईला आई स्वयंपाकघरात पाठवायची. आतून लसूण सोलण्याचा आवाज यायचा. आम्ही बाहेर घाबरायचो, मजेत. ताईने त्यानंतर कधी थिएटरात पाऊल टाकलेलं नाही, भुताच्या सिनेमाला नाही की देवाच्या सिनेमाला नाही.

फिटा काही गेल्या नाहीत. फार नव्हत्या, वर्षातून एखाद-दोन, जागरण झालं की हमखास. दरवेळी त्याला नवं कारण मिळायचं. अमावास्या होती. तिन्हीसांजेला केस मोकळे सोडले होते. पिंपळाखालून आली. आणि सकाळी चहाच्या वेळी तिच्या हातून कपबशा सुटायच्या. हात एकदम उडायचा आणि कप भिंतीवर. आमच्या घरी एका सेटातले कप शेवटपर्यंत कधी राहिले नाहीत. आई म्हणायची, "धांदरट कुठली! सासरी नाव काढणार आहेस माझं." त्या कपांचा आणि फिटेचा काही संबंध असेल असं कुणाच्या डोक्यातही आलं नाही.

लग्न झालं. बोरिवलीचं स्थळ, मुलगा नोकरीला, माणसं बरी. आईचं गणित जमलं म्हणायचं. पहिल्या गणपतीत, सगळी रात्र मोदक वळून झाल्यावर, ताई सासूच्या समोर पडली. ती माणसं अंधश्रद्धाळू नव्हती, हे तिचं दुर्दैव. त्यांनी थेट विचारलं, "मुलीला फिट येते हे लपवलंत ना?" आई शेवटपर्यंत म्हणत राहिली, इथून धडधाकट गेली होती, तुमच्या घरातलंच काहीतरी लागलं. ताई परत आली ती कायमची. घरी बसून साड्यांना फॉल लावायला लागली. आई गेल्यापासून ती माझ्याकडे असते.

लोक म्हणतील, मग तू का नाही नेलंस डॉक्टरकडे? नेत होते. एकदा तर इस्पितळाच्या फाटकापर्यंत नेली. तिथे ती थांबली, म्हणाली, "कशाला गं आता?"

मी म्हटलं, "ताई, ही फिट आहे. गोळ्या असतात याला. तुला पण माहितीये."

"माहितीये म्हणूनच सांगते," ती म्हणाली. "आत्ता कसं, भुताने माझी वाट लावली. आत गेले आणि ते म्हणाले फिट, तर मग वाट कुणी लावली? आईवर राग धरू? मेलेल्या आईवर?"

ती वळली आणि रिक्षाला हात केला. मला तिचा राग आला, आईचा आला, गावच्या देवाचाही आला. पण मी काय करणार होते, उचलून आत टाकणार होते?

हे झालं जुनं. आता यंदाचं.

दादाची मुलगी पार्ल्याला कॉलेजात शिकते. दादा मुलुंडला राहतो, चांगला टॉवरमध्ये, सिनेमा बघायला खाली उतरलं की मॉल. प्रोजेक्ट द्यायचं म्हणून पोरगी रात्रभर जागली होती. दुसऱ्या दिवशी मैत्रिणींबरोबर सकाळच्या स्वस्त शोला गेली. भुताचाच सिनेमा. पडद्यावर विजा लखलखायला लागल्या आणि ही खुर्चीतून खाली. मैत्रिणी शहाण्या. त्यांनी चप्पल शोधली नाही. कुशीवर वळवलं, किती वेळ चाललंय ते मोबाईलवर बघितलं आणि थेट इस्पितळात नेलं. तासाभरात दादा-वहिनी तिथे पोचले.

पुढच्या रविवारी आम्ही सगळे तिला बघायला गेलो. मावसभाऊ नेहमीप्रमाणे बोलून गेला, "अरे, ही तर सेम ताईसारखी केस! सिनेमाच बघत होती ना?"

दादा ताडकन म्हणाला, "काहीतरी काय बोलतोस! हिला साधी चक्कर आली. ताईचं वेगळं होतं, ताईला बाहेरचं होतं."

गोष्ट तिथेच थांबली. पंचा खांद्यावरच राहिला. मी ताईकडे बघितलं. ती पोरीच्या उशाशी बसून तिच्या केसांतून हात फिरवत होती, आणि पहिल्यांदाच ती हसत नव्हती.

मेंदूच्या डॉक्टरांची वेळ मिळाली तेव्हा पोरगी अडून बसली, मोठी आत्या हवी. मोठी आत्या एकटी जात नाही म्हणून मी. अशी वरात त्या केबिनमध्ये शिरली. खुर्च्या तीनच. दादा, वहिनी आणि पोरगी बसली. मी आणि ताई मागे दाराला टेकून उभ्या. डॉक्टर तरुण होत्या, माझ्या मुलीच्या वयाच्या, पण बोलणं शांत. त्यांनी मेंदूचा आलेख बघितला, पोरीला एकेक विचारत गेल्या. मग दादाला म्हणाल्या, "घरात आणखी कुणाला फिट्स येतात? तुमच्या बाजूला, आईच्या बाजूला?"

"नाही," दादा म्हणाला. "कुणालाच नाही."

ताई त्याच्या पाठीमागे उभी होती. तिचा पदर त्याच्या खुर्चीला लागत होता.

मला वाटलं तो खोटं बोलला. नंतर वाटलं, नाही, त्याहून वाईट आहे. इतकी वर्षं ती गोष्ट सांगून सांगून ती त्याला खरीच वाटायला लागली होती. त्याच्या लेखी घरात फिट कुणालाच नव्हती. घरात होतं ते भूत.

डॉक्टरांनी पोरीला विचारलं, "सकाळी उठल्यावर हाताला झटके येतात का? हातातून वस्तू उडतात, पडतात असं काही?"

पोरगी म्हणाली, "हो! ब्रश पडतो. मोबाईल तर दोनदा फुटला."

वहिनी म्हणाली, "धांदरट आहे हो ती, पहिल्यापासून."

माझ्या अंगावर काटा आला. कुठल्याही सिनेमात आला नव्हता तसा. माझ्या शेजारी दाराला टेकलेली ताई सरळ उभी राहिली.

डॉक्टर म्हणाल्या, "धांदरट नाही. ते झटकेच आहेत. हा प्रकार पुष्कळदा घराण्यात असतो, म्हणून विचारते. आणि नीट कळणं गरजेचं आहे, कारण यात चुकीची गोळी दिली तर झटके कमी व्हायच्या ऐवजी वाढतात. बरोबर गोळी मिळाली तर ही तुमच्या-माझ्यासारखी जगेल. शिकेल, नोकरी करेल, लग्न करेल. पुन्हा एकदा आठवून सांगा. आत्या, काका, कुणी?"

लग्न हा शब्द ऐकून दादा-वहिनीने एकमेकांकडे बघितलं. ती नजर मी ओळखली. ती मी लहानपणी दुसऱ्या मजल्यावरच्या दारात पाहिली होती, आईच्या डोळ्यांत. मुलुंडच्या टॉवरात, लिफ्टने वर चढून, ती नजर इथपर्यंत आली होती.

"नाही हो डॉक्टर," दादा म्हणाला. "तसं काहीच नाही आमच्यात."

मी तोंड उघडलं. ताईने माझ्या हाताला घट्ट धरलं. मला वाटलं गप्प बस म्हणतेय, आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. एवढं होऊन परत गप्प? पण ती मला मागे सारून पुढे गेली होती.

"मला येते," ताई म्हणाली.

दादा वळला. "ताई, अगं तुझं ते—"

"तू थांब रे." इतक्या वर्षांत ती त्याच्याशी अशी बोललेली मी ऐकली नव्हती. मग ती डॉक्टरांना म्हणाली, "मी हिची सख्खी आत्या. मला सतराव्या वर्षापासून फिट येते. आणि सकाळी हात उडतात ते त्याच्याही आधीपासून. आमच्या घरातले सगळे कप मीच फोडले. आमच्या आईच्या चुलत्याला पण होती. आईला माहीत होतं."

पोरगी मान वळवून तिच्याकडे बघत राहिली. वहिनी पर्समध्ये काहीतरी शोधायला लागली.

डॉक्टर लिहायला लागल्या होत्या. खाली बघूनच त्यांनी विचारलं, "एवढी वर्षं? मग औषध काय घेताय?"

"नारळ," ताई म्हणाली. "दर वर्षी एक. आणि पहिल्यांदा एक कोंबडा."

डॉक्टरांचं पेन थांबलं. याच गोष्टीवर आमच्या घरात माणसं पोट धरून हसलेली मी पाहिली आहेत. इथे कुणी हसलं नाही. दादा टेबलाच्या कडेकडे बघत होता. ह्या वर्षीच्या नारळाचे पैसे त्यानेच गावी पाठवले होते.

डॉक्टर म्हणाल्या, "साहेब, तुम्ही जरा उठता का? त्यांना बसू द्या."

दादा उठला. उठून कुठे उभं राहावं ते त्याला कळेना, शेवटी तो माझ्या शेजारी दाराला टेकला. ताई त्याच्या खुर्चीत बसली, पदर सावरला. पोरीने तिचा हात हातात घेतला. डॉक्टरांनी एक कोरा कागद पुढे ओढला आणि म्हणाल्या, "हं. आता तुमचं सांगा. अगदी पहिल्यापासून."

"सांगते," ताई म्हणाली. "पण त्यातला सिनेमा सोडून सांगते. चालेल ना?"